बुरशीच्या औषधाने फिट थांबते का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चिनी औषधी बुरशींबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात एवढंच म्हटलं होतं की उंदरांवरच्या प्रयोगांत यातल्या काहींनी फिट्स कमी केलेल्या दिसल्यात. झालं, त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. निम्म्या लोकांनी फक्त "कुठे मिळेल" एवढंच विचारलंय, त्यांना वेगळं उत्तर देत नाही, खालचं वाचा. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम काढलीत, कारण आपल्याकडे घरात कुणाला फिट येते हे अजूनही लग्नाच्या बैठकीत लपवलं जातं आणि त्यात माझी भर नको.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा आहे, व्हॅल्प्रोएट चालू आहे, वर्षभरात फिट आलेली नाही. शेजारच्या वहिनी चेन मार्केटिंगमधून लिंगझी मशरूमच्या कॅप्सूल विकतात. म्हणतात चीनमध्ये पाच हजार वर्षं मिरगीवर हेच देतात, तीन महिन्यांत इंग्लिश गोळी सुटते. देऊ का? (एक आई, नाशिक)

ताई, आधी महत्त्वाचं. गोळी बंद करू नका, कमीही करू नका, "एक दिवस आड देऊन बघू" हे तर अजिबात नको. फिट्सची गोळी अचानक तुटली की एकामागून एक फिट येत राहते आणि थांबतच नाही अशी अवस्था येऊ शकते, त्यात जीव जातो. वर्षभर फिट नाही ही त्या गोळीची कमाई आहे, आणि साधारण दोन वर्षं तरी फिटशिवाय गेल्यावर न्यूरोलॉजिस्ट स्वतःच हळूहळू कमी करायचा विषय काढतात. निम्मी वाट तुम्ही चाललात, आता वहिनींसाठी मागे कशाला यायचं.

आता लिंगझी. ही लाकडावर उगवणारी, लाखेसारखी चकचकीत, कडू आणि चामट बुरशी, शास्त्रीय नाव गॅनोडर्मा. चीनमध्ये तिला मान मोठा, दीर्घायुष्याची वस्तू म्हणून राजेरजवाड्यांत चालायची, मन शांत करते असंही जुने वैद्य म्हणायचे, हे खरं. पण फिट्ससाठी प्रसिद्ध असलेले जे जुने चिनी काढे आणि गोळ्या आहेत त्यांच्या यादीत लिंगझी सहसा नसतेच, तिथे दुसऱ्याच बुरशी आहेत (त्यांच्याबद्दल पुढे येतंय). लिंगझी आणि फिट हे नातं अलीकडच्या प्रयोगशाळेतलं आहे. म्हणजे पाच हजार वर्षांचा शिक्का एका वस्तूवरून सोलून दुसरीवर चिकटवलेला आहे.

प्रयोगशाळेत काय दिसलं ते सांगतो, कारण तिथे अगदीच शून्य नाहीये. चीनमध्ये लिंगझीच्या बीजाणूंची पूड फिट आणलेल्या उंदरांना देऊन बघितली, काही फायदा दिसला. पोलंडमध्ये 2015 च्या सुमारास लिंगझीचा पाण्यातला अर्क उंदरांवर तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासला, त्यातल्या एका चाचणीत फिट यायला जास्त जोराचा करंट लागला, बाकीच्या दोन चाचण्यांत काहीच फरक नाही. आणि माणसांवर? 2018 मध्ये चीनमधून एक छोटा अभ्यास आला, फक्त 18 रुग्ण, तोही जुने कागद काढून केलेला, शेजारी तुलनेला दुसरा गट नाही. आठवड्याला साधारण तीनच्या आसपास येणाऱ्या फिट्स अडीचच्या खाली आल्या, पण प्रत्येक फिट किती वेळ टिकते त्यात फरक नाही आणि रुग्णाचं रोजचं जगणंही फारसं सुधारलं नाही. फिट्स अशाही कमीजास्त होतात, माणूस दवाखान्यात येतो तोच वाईट आठवड्यात, पुढचा आठवडा औषध न देताही थोडा बरा जातो. तुलनेचा गट नसेल तर हा फरक कशाचा हे कुणीच सांगू शकत नाही. आणि तो अभ्यास जसाच्या तसा खरा धरला तरी "इंग्लिश गोळी सुटते" असं त्यात कुठेही नाही.

अजून एक, हे तुमच्या मुलाच्या बाबतीत जास्त लागू आहे. व्हॅल्प्रोएटमुळे काही जणांचं लिव्हर बिघडतं आणि प्लेटलेट कमी होतात म्हणून तर डॉक्टर मधून मधून रक्त तपासतात. लिंगझीच्या पुडीमुळे लिव्हर बिघडल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्यात, आणि तिचा प्लेटलेटच्या कामावरही परिणाम होऊ शकतो. दोन्ही एकत्र दिल्यावर उद्या रिपोर्ट बिघडला तर दोष कुणाला द्यायचा? वहिनींना सांगा डॉक्टर नको म्हणाले, संबंधही टिकतील.

प्रश्न : मी रेशीम शेती करतो. पावसाळ्यात मस्कार्डिन येऊन अळ्या पांढऱ्या खडूसारख्या कडक होतात, त्या आम्ही जाळतो किंवा चुना टाकून पुरतो. यूट्यूबला बघितलं की चीनमध्ये याच अळ्या फिट्सचं औषध म्हणून विकतात. खरं आहे का, आणि आपण विकू शकतो का? (एक शेतकरी, जालना)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मजा आली, कारण यूट्यूबवाला चक्क खरं बोलला. त्या अळीला चिनीत जियांगत्सान म्हणतात. रेशमाची अळी चौथ्या पाचव्या अवस्थेत असताना बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी तिच्यात शिरते, अळी मरते, कडक होते, वर पांढरी पावडर धरते. हो, तीच बिव्हेरिया जी तुम्ही कृषी केंद्रातून जैविक कीटकनाशक म्हणून आणून तुरीवर कपाशीवर फवारता (आणि म्हणूनच तुतीच्या आणि संगोपनगृहाच्या आसपास ती फवारू नका असं सांगतात). हिच्यावरून विज्ञानात एक मोठी गोष्ट घडली, इटलीत अगोस्तिनो बास्सी नावाच्या माणसाने 1835 मध्ये दाखवून दिलं की अळ्यांचा हा रोग एका सूक्ष्म जिवामुळे होतो आणि एकीकडून दुसरीला लागतो. जंतूंमुळे रोग होतो हे पाश्चर, कॉख यांच्या आधी एका रेशमाच्या अळीने शिकवलं म्हणायचं.

चिनी वैद्यकाच्या सगळ्यात जुन्या औषधी ग्रंथातच ही अळी लहान मुलांच्या आकडीवर आणि रात्रीच्या रडण्यावर सांगितली आहे, म्हणजे साधारण दोन हजार वर्षं जुना वापर. आजही तिथे ती गव्हाच्या कोंड्यात भाजून औषधांच्या दुकानात मिळते. आधुनिक लोकांनी त्यात काय आहे ते शोधलं तर आश्चर्य म्हणजे एखादं भारी गुंतागुंतीचं रसायन निघालं नाही, अमोनियम ऑक्झलेट नावाचं साधं मीठ निघालं, आणि उंदरांतल्या झटक्यांवर त्याचाच परिणाम मुख्य आहे असं चिनी संशोधक मानतात. त्याशिवाय बिव्हेरिसिन नावाचं एक द्रव्य बुरशी स्वतः बनवते, पण ते पेशींना विषारीही आहे.

विकायचं म्हणाल तर नको, आणि हे मी कायद्याच्या भीतीने सांगत नाहीये. मेलेल्या अळीवर एकटी बिव्हेरियाच वाढते असं नाही, पावसाळी ओलाव्यात अ‍ॅस्परजिलससुद्धा धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन बनवते, हेच ते विष जे भुईमुगात मिळालं की माल परत येतो. चीनच्या सरकारी औषध मानकांत जियांगत्सानसाठी अफ्लाटॉक्सिनची तपासणी सक्तीची आहे, एवढ्यावरून धोका ओळखा. त्यांच्याकडे हे वेगळं उत्पादन आहे, मुद्दाम बुरशीची लागण करून, वेगळ्या खोलीत. तुमच्याकडे तो रोग आहे. त्या अळ्या सुकवायला म्हणून चार दिवस जरी शेडजवळ ठेवल्या तर बीजाणू उडून पुढची बॅच चंद्रिकेवर (कोष विणायच्या जाळीवर) चढायच्या आधीच बसेल, औषधाचे पैसे राहतील बाजूला. चुना आणि खड्डा हेच बरोबर चाललंय तुमचं.

प्रश्न : मी एम. फार्म. करते. प्रोजेक्टसाठी यातलं कोणतं कम्पाउंड घेण्यासारखं आहे? सगळे पेपर "न्यूरोप्रोटेक्टिव्ह" म्हणून संपतात, नेमकं कळत नाही. (पुणे)

बरोबर पकडलंस. "न्यूरोप्रोटेक्टिव्ह" हा शब्द दिसला की मी पुढचं जरा हळू वाचतो. फिट म्हणजे मेंदूतल्या बऱ्याच पेशी एकदम, एकाच तालात पेटतात. पेटवायचं काम मुख्यतः ग्लुटामेट या मेंदूतल्या रसायनाचं आणि विझवायचं गाबा या दुसऱ्या रसायनाचं. तेव्हा कुठलंही कम्पाउंड घेतलंस तर पहिला प्रश्न हा की ते या साखळीत नेमकं कुठे हात घालतं, आणि दुसरा, तोंडाने घेतल्यावर मेंदूपर्यंत पोहोचतं का.

पहिलं नाव फूलिंग. ही पाईनच्या मुळांवर जमिनीखाली वाढणारी बुरशी, बाहेरून नारळासारखी खडबडीत आणि आत पांढरीशुभ्र, शास्त्रीय नाव पोरिया कोकोस. चिनी काढ्यांत आपल्या सुंठीइतकी कॉमन आहे ती. मधून पाईनचं मूळ आरपार गेलेला तुकडा असेल तर त्याला फूशेन म्हणतात आणि तो खास मन शांत करायला, झोपेला देतात. तिच्यातली ट्रायटर्पिन काढून उंदरांना दिली तर करंटने आणलेल्या आणि पेंटिलीनटेट्राझोल या रसायनाने आणलेल्या अशा दोन्ही फिट्सवर परिणाम दिसलाय, गाबा वाढणं आणि ग्लुटामेट उतरणं हेही मोजलंय. त्यातलं पॅकिमिक अ‍ॅसिड शुद्ध मिळतं, त्यामुळे प्रोजेक्टला सोयीचं.

दुसरं म्हणजे टियानमा, आणि ही फार गमतीची केस आहे. ही बुरशी नाहीच, ऑर्किड आहे, पण अशी ऑर्किड की जिला पानं नाहीत, हरितद्रव्य नाही, स्वतःचं अन्न बनवता येत नाही. बी रुजायला तिला मायसिना नावाची बुरशी लागते आणि पुढे कंद वाढायला अर्मिलारिया नावाची दुसरी, म्हणजे ती दोन बुरशींच्या जिवावर जगते. आपल्याला वाटतं झाड बुरशीने खाल्लं, इथे उलटं. हे कळेपर्यंत टियानमा फक्त जंगलातून खणून आणायचे, 1960 च्या दशकात श्यू चिनथांग यांनी अर्मिलारियाच्या लाकडांवर तिची लागवड जमवली आणि मग ती शेतात आली. तिच्यातलं गॅस्ट्रोडिन हे साधं रेणू आहे, ग्लुकोज जोडलेलं. कुनमिंगच्या वनस्पती संस्थेने 1970 च्या दशकात ते शोधून प्रयोगशाळेत बनवलं, आज चीनमध्ये ते डोकेदुखी आणि चक्करसाठी इंजेक्शन म्हणूनही मिळतं. जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात, ज्याला आपोआप फिट येतात, गॅस्ट्रोडिनने गाबा मोडणारी एन्झाइम्स कमी केलेली दिसली. आता व्हिगाबॅट्रिन आठव, बाजारातलं ते औषधही गाबा मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. म्हणजे दिशा वेडीवाकडी नाही. शिवाय एकट्या अर्मिलारिया बुरशीच्या गोळ्यासुद्धा टियानमाऐवजी चीनमध्ये वापरात आल्या, तेव्हा कंदातली कोणती द्रव्यं ऑर्किडची आणि कोणती बुरशीची हा प्रश्न अजून चघळण्यासारखा आहे. मी तुझ्या जागी असतो तर हाच घेतला असता.

एक सावधगिरी. मॉडेल एकच घेऊ नकोस. लेव्हेटिरासिटाम हे फिट्सचं औषध आज जगभर पहिल्या पसंतीने देतात, पण करंट आणि पेंटिलीनटेट्राझोल या दोन जुन्या ठरलेल्या चाचण्यांत ते सपशेल नापास झालं होतं, 6 हर्ट्झच्या (सेकंदाला सहा ठोक्यांच्या करंटच्या) चाचणीत मात्र उठून दिसतं. वर पोलंडचा जो लिंगझीचा प्रयोग सांगितला त्यातही परिणाम दिसला तो याच 6 हर्ट्झमध्ये, म्हणून मी तो निकाल "तीनपैकी एकच" म्हणून फेकून देत नाही. पण उंदराला बऱ्याचदा पोटात सुईने देतात आणि आपण कॅप्सूल गिळतो, हा फरक तुझ्या डिस्कशनमध्ये नक्की लिही, बहुतेक पेपर तिथे गप्प बसतात.

आणि औषध बनतं कसं हे बघायचं असेल तर गांजातलं कॅनाबिडिऑल बघ. 2017 मध्ये ड्राव्हे सिंड्रोम या लहानपणीच सुरू होणाऱ्या फिट्सच्या गंभीर आजाराच्या 120 मुलांवर प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस) ठेवून ट्रायल झाली, औषध घेणाऱ्यांच्या मोठ्या झटक्यांची महिन्याची संख्या मधला आकडा धरून 12.4 वरून 5.9 वर आली, प्लासिबोवाल्यांची 14.9 वरून 14.1. पुढच्या वर्षी अमेरिकेत मान्यता. बुरशीच्या एकाही कम्पाउंडकडे फिट्सच्या बाबतीत आज असा कागद नाही.

प्रश्न : उत्तराखंडला ट्रेकला गेलो होतो, मुनस्यारीकडे कीडा जडी विकत होते. विकणारा म्हणाला "दौरे पड़ना बंद". बायकोला फिट्स आहेत. महाग होती म्हणून घेतली नाही, चूक केली का? (ठाणे)

नाही, पैसे वाचले. कीडा जडी म्हणजे अळीच्या डोक्यातून उगवणारी कॉर्डिसेप्स बुरशी, किलोला लाखो रुपये भाव, आणि हिमालयात ती इतकी ओरबाडली गेलीय की 2020 मध्ये तिला धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत टाकावं लागलं.

दाव्यामागे जे विज्ञान सांगतात ते ऐकायला छान आहे. फिट चालू असताना मेंदू स्वतःच अडेनोसिन सोडतो आणि ते पेशींना गप्प करतं, फिट बहुतेक वेळा आपोआप थांबते त्यात त्याचा मोठा हात असतो. कॉर्डिसेप्सच्या घराण्यात अडेनोसिन आणि त्याची भावंडं भरपूर, कॉर्डिसेपिन हे त्यातलं नावाजलेलं, 1950 मध्ये सापडलेलं. पण ते सापडलं कॉर्डिसेप्स मिलिटारिसमध्ये, जी नारंगी असते आणि आता ट्रेमध्ये पिकवतात, हिमालयातल्या महागड्या किड्यात ते जवळपास नसतंच. दुसरं, अडेनोसिन रक्तात काही सेकंदांत मोडतं आणि कॉर्डिसेपिनलाही शरीरातलं एक एन्झाइम भराभर निकामी करतं, त्यामुळे पोटात घेतलेलं मेंदूत कितपत जाईल ते तुम्हीच समजा. तिसरं, चीनच्या औषध प्रशासनाने 2016 मध्येच इशारा दिला होता की कॉर्डिसेप्सच्या मालात आर्सेनिक किलोमागे 4.4 ते 9.9 मिलिग्रॅम निघालं, मर्यादा होती 1.

याच घराण्यातली एक बुरशी सिकाडा या किर्र आवाज करणाऱ्या किड्याच्या जमिनीतल्या पिल्लावर उगवते, छानह्वा नाव तिचं, आणि तिचा वापर मात्र जुन्या काळापासून लहान मुलांच्या आकडीवर होता. तिच्यातही अडेनोसिनचंच एक भावंड सापडलंय. पण ट्रेकवर ती कुणी विकत नाही, कारण तिला सोन्याचा भाव नाही.

प्रश्न : आम्ही सिंगापूरला असतो. सासूबाईंच्या फिट्ससाठी ओळखीच्या एका चिनी वैद्याने डिंगशियान नावाच्या गोळ्या दिल्यात, म्हणाला सगळं नॅचरल. लेव्हेटिरासिटाम चालूच आहे. ठेवू का?

हे नाव ऐकून मला जरा धस्स झालं. डिंगशियानचा नुस्खा 1732 चा, छिंग राजवटीतला, आणि फिट्ससाठी तो तिकडे खरोखरच नावाजलेला आहे. वर ज्यांच्याबद्दल लिहिलं ती जवळपास सगळी मंडळी त्यात एकत्र आहेत, टियानमा, फूलिंग, फूशेन आणि जालन्याच्या भाऊंची पांढरी अळी. त्याबरोबर विंचू आणि अंबर (झाडाचा दगड झालेला डिंक). आणि हिंगूळ. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. जुन्या नुस्ख्यात ते गोळ्यांना वरून चोळायचे, आणि चीनच्या मानकांत अजूनही दिवसाला 0.1 ते 0.5 ग्रॅमपर्यंत परवानगी आहे. त्याहून जुना, इसवी सन 200 च्या आसपासचा झांग चोंगचिंग यांचा एक काढा आहे, तोही आजकाल फिट्सवर देतात, त्यातही फूलिंग आहे आणि मूळ पाठात शेंदूर आहे, म्हणजे शिसं. हल्लीचे चांगले वैद्य दोन्ही वगळतात, पण "मूळ पाठाप्रमाणे" बनवणारेही आहेत.

शिसं स्वतः फिट आणतं, हे लक्षात घ्या. पारा किडनीवर जातो, आणि सासूबाईंचं लेव्हेटिरासिटाम शरीराबाहेर जातं ते किडनीतूनच, किडनी मंदावली की तेच औषध साठत जातं.

दुसरी भीती उलटी आहे. गोळी फारच छान लागू पडली तर जास्त संशय घ्या. हाँगकाँगमध्ये 2000 साली एका रुग्णाची केस छापून आली, चिनी तयार गोळ्या घेऊन बेशुद्ध पडली, तपासलं तर रक्तात फेनिटॉइन या फिट्सच्या औषधाचा पूर, गोळ्यांत नेहमीची इंग्लिश औषधं कुटून घातलेली. आपल्याकडेही फिट्सच्या "देशी" पुड्यांत फेनोबार्बिटोन सापडलंय. म्हणजे लोक इंग्लिश गोळी सोडून तीच गोळी मोजमाप न करता खातात.

तेव्हा करायचं असं, पाकिटाचा आणि घटकांच्या यादीचा फोटो काढा, गोळ्या घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, रक्तातलं शिसं आणि पारा तपासायला सांगा. आणि गोळ्या मनानेच फटकन बंदही करू नका, कारण आत फेनोबार्बिटोन निघालं तर ते तोडल्यावरच फिट येईल. डॉक्टरांसमोर, त्यांच्या सांगण्याने बंद करा. 2009 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने चिनी औषधं आणि फिट्स यावरच्या ट्रायल्स गोळा केल्या होत्या, हाताला लागल्या पाच, त्याही कच्च्या, आणि निष्कर्ष होता की शिफारस करण्याइतका पुरावा नाही.

प्रश्न : वारुळावरच्या बुरशीचं चिनी औषध असतं म्हणे. आमच्याकडे श्रावणात वारुळावरची अळंबी येते, ती तीच का? नवऱ्याला फिट येते, जास्त खाऊ घालू? (सावंतवाडी)

ती नाही हो काकू. तुमची अळंबी जिवंत वारुळातून येते, वाळवी स्वतः तिची शेती करते. चिनी वूलिंगची बुरशी, झायलेरिया निग्रिपेस, ही वाळवी सोडून गेलेल्या ओसाड वारुळात वाढते, काळी काडीसारखी, खायची भाजी नव्हे. तिच्या कॅप्सूल चीनमध्ये झोप आणि उदासीसाठी देतात. फिट्स असलेल्या रुग्णांवर 2015 मध्ये एक चांगली, प्लासिबोवाली, अनेक हॉस्पिटलांतली ट्रायल झाली, पण ती त्यांच्या डिप्रेशनसाठी होती, मन सुधारलं. फिट थांबवायचं औषध म्हणून ती चाचणी नव्हतीच. मला या सगळ्या यादीत तीच ट्रायल सगळ्यात प्रामाणिक वाटते, जे तपासलं तेवढंच सांगितलं.

नेहमीची ओळखीची अळंबी भाजीपुरती खुशाल करा. अनोळखी मात्र औषध म्हणून तोंडात घालू नका, कारण फिट आणणाऱ्या बुरशीसुद्धा आहेत. युरोपात जायरोमित्रा नावाची एक मिळते, तिचं विष शरीरातल्या बी6 जीवनसत्त्वाला निकामी करतं, मग गाबा बनत नाही आणि धडधाकट माणसाला झटके येतात, उपचारात बी6 चंच इंजेक्शन द्यावं लागतं. जपानमध्ये 2004 च्या शरद ऋतूत वर्षानुवर्षं खाल्ली जाणारी सुगिहिराताके नावाची पांढरी अळंबी खाऊन लोकांना झटके आले, मेंदूला सूज आली, 17 जण गेले, त्यातले बरेच आधीपासून किडनीचे रुग्ण होते. तुमच्या मिस्टरांना किडनीचा काही त्रास आहे का हे पत्रात नाही, असेल तर कुठलीही नवी अळंबी ताटात वाढायच्या आधी डॉक्टरांना विचारा.